सड्याचा मुक्काम आणि सड्याची वाट

मरुभूमी हा शब्द कानी पडला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजस्थानची वाळू, उंटांची रांग आणि क्षितिजापर्यंत पसरलेले उजाड माळ उभे राहतात. हल्ली सुट्टीच्या दिवसांत काही कुटुंबे मुद्दाम जैसलमेरला जातात, सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांपाशी तंबूत एक-दोन रात्री काढतात, पहाटे उठून वाळूतून पायी हिंडतात आणि त्या रुक्ष भूमीचे सौंदर्य पाहून तृप्त मनाने परततात. देशाटनाची थोरवी आपल्या पूर्वजांनीही मानलेली आहे. तेव्हा त्यात उणे काढण्याचे कारण नाही. परंतु आपल्या मोपा गावाच्या माथ्यावरही एक मरुभूमी पसरलेली आहे, आणि तिच्या कडेला मुक्काम करून, तिच्यावरून पायी फिरून तिला ओळखणारी माणसे मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत. ती मरुभूमी म्हणजे आपला सडा. सडा म्हणजे काय, त्याच्या पायथ्याशी देवळाच्या आश्रयाने मुक्काम कसा करावा, त्याच्यावर केव्हा व कसे चालावे, आणि हे सर्व आपण का शिकावे, याचा प्रस्तुत लेखात क्रमाने विचार करावयाचा आहे.

सडा म्हणजे काय

जांभ्या दगडाच्या सपाट व विस्तीर्ण माथ्यास कोकणात सडा म्हणतात. उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मधोमध आपला पेडणे तालुका वसला आहे. या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यांवर असे सडे आहेत, आणि मोपाचा सडा हा त्यांतील सर्वांस परिचित असा होय.

हा दगड पृथ्वीच्या पोटातून तयार होऊन वर आलेला नाही. तो पावसाने घडविलेला आहे. उष्ण व दमट हवेत मूळ खडकातून लक्षावधी वर्षे पाणी झिरपत राहिले म्हणजे त्यातील सिलिका व विरघळणारे क्षार वाहून जातात, आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांची न विरघळणारी संयुगे मागे राहतात. जांभ्याचा तांबडा रंग हा त्या लोखंडाचा रंग. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या वैद्याने मलबारात अंगाडिपुरम् येथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यास लॅटराइट असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. जमिनीतून काढताना हा दगड मऊ असतो, हत्याराने विटेसारखा कापता येतो आणि वारा-ऊन लागले की कठीण होतो, हे पाहून त्याला ते नाव सुचले. आपल्याकडील चिरेखाणीवर हेच नित्य घडते. ज्या चिऱ्यांनी आपल्या घराची जोती, विहिरीचे कठडे, तळीच्या पायऱ्या आणि देवळाच्या भिंती उभ्या राहिल्या, ते चिरे म्हणजे सड्याचेच अंग होत. देवदर्शनास जाताना आपण ज्या पायरीला हात लावून तो कपाळी लावतो, ती पायरीदेखील पुष्कळदा याच दगडाची असते.

आता एक कोडे पाहा. जैसलमेरला वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे अवघा आठ इंच पाऊस पडतो. आपल्याकडे तो सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे १२० इंचांच्या आसपास पडतो. जैसलमेरच्या पंधरा पट पाऊस झेलूनही आपला सडा चैत्र-वैशाखात तव्यासारखा तापतो, गवत करपून जाते, आणि भर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. याचे कारण असे की येथे पावसाची वाण नाही, मातीची आहे. सड्याच्या पाठीवर कोठे बोटभर, कोठे वीतभर माती, आणि पुष्कळ ठिकाणी तीही नाही. त्यातच बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. म्हणजे सडा हा वर्षातून चार महिने पाणथळ आणि उरलेले बरेच महिने मरुभूमी असतो. एकाच जागी दोन देश पाहावयाचे असतील तर त्याने एकदा श्रावणात आणि एकदा वैशाखात सड्यावर जावे.

पाणी कोठे जाते

सडा पाणी धरून ठेवीत नाही, हे अर्धेच सत्य आहे. तो आपल्या पाठीवर पाणी ठेवीत नाही, पोटात ठेवतो. जांभा दगड छिद्रांनी व भेगांनी भरलेला असतो. पावसाचे पाणी त्यातून खाली उतरते. दगडाच्या खाली चिकण मातीचा थर असतो; त्यातून पाणी सहजी पुढे जात नाही. मग ते आडवे सरकत सड्याच्या कडेला येते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. म्हणून आपल्याकडील गावांची रचना पाहावी: माथ्यावर सडा, उतारावर झाडी, झाडीच्या तोंडाशी झरा, झऱ्याजवळ देऊळ आणि तळी, खाली माड-पोफळी-केळी-मिरवेलींची कुळागरे, आणि त्याहून खाली भातशेती. ही रचना कोणा अधिकाऱ्याने कागदावर आखलेली नाही; पाणी जसे खाली उतरले तसा गाव त्याच्यामागून उतरला.

देऊळ झऱ्यापाशी आणि झरा झाडीत, हा योगायोग मानू नये. देवाची राय तोडावयाची नाही हा दंडक ज्यांनी घातला त्यांना भूगर्भशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु झाडी गेली की झरा आटतो हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असावे. देवाच्या नावाने घातलेला नियम माणसे पाळतात, हेही त्यांना ठाऊक होते.

या ठिकाणी सातेरीचे स्मरण करणे युक्त होईल. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत गावोगावी सातेरी ही ग्रामदेवता आहे आणि तिचे मूळ रूप वारूळ, म्हणजे आपल्या बोलीतील रोयण, हे होय. वाळवी खालची ओली माती कणाकणाने वर आणून वारूळ रचते. जेथे मातीचा कणही मोलाचा आहे अशा जांभ्याच्या मुलुखात, माती वर आणणाऱ्या त्या रचनेस भूमातेचे रूप मानावे, यात मोठे औचित्य आहे. पावसाळ्याच्या आरंभी ज्या अळंब्यांची आपण वाट पाहतो त्यांतील पुष्कळशा रोयणीवरच उगवतात; कारण वाळवी आपल्या अन्नासाठी वारुळाच्या आत बुरशी जोपासते आणि तिलाच पावसात ही छत्रे फुटतात. एवढ्यासाठी वारूळ खणून अळंबी काढणे हे देवीचाही अपमान आणि पुढील वर्षाच्या अळंबीचाही नाश होय.

सड्यावरील जीवन

मृगाच्या सरी पडल्या की आठ-पंधरा दिवसांत सड्याचा रंग पालटतो. दगडाच्या खळग्यांत पाणी साचते, बेडकांचा घोष सुरू होतो आणि जेथे काल काळवंडलेला कातळ होता तेथे कोवळे गवत डोके काढते. या साचलेल्या पाण्याला क्षुल्लक समजू नये. २०१८ साली शास्त्रज्ञांनी गोव्यातून बेडकाची एक नवी जात जगापुढे मांडली आणि तिच्या शास्त्रीय नावात 'गोंयची' हाच आपला शब्द घातला. शेतांतील व पठारांवरील अशा तात्पुरत्या पाण्यावरच त्या जातीचे जीवन अवलंबून असते. जे डबके आपण ओलांडून जातो ते कोणाचे तरी संपूर्ण विश्व असते.

श्रावण-भाद्रपदात सडा फुलतो. पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळा कवला आणि निळ्या-जांभळ्या छटेची सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. सीता ही भूमिकन्या; तिची आसवे भूमीवरच फुलावीत, ही लोकांची कल्पना हृदयंगम आहे. परंतु या नाजूक फुलामागे एक आश्चर्य दडलेले आहे. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती होय. तिच्या मुळाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातील बारीक जीव स्पर्श करताच त्या पिशव्या त्यास आत ओढून घेतात. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती आपल्या पानांवरील चिकट थेंबांनी कीटक पकडते. सड्याच्या पातळ मातीत वनस्पतींस लागणारा नत्र फार थोडा, म्हणून त्यांनी तो कीटकांपासून मिळविण्याची ही युक्ती साधली आहे. ज्या भूमीने काही दिले नाही असे आपण म्हणतो त्या भूमीनेच या जीवांस एवढे कसब शिकविले.

आपल्या चतुर्थीच्या माटोळीस लागणारी कांगणी, गौरीस लागणारा तेरडा आणि शेरवड ही सर्व संपत्ती सड्याच्या आणि त्याच्या उतारांच्या आधाराने वाढते. बाजारातून विकत आणलेल्या फळांनी माटोळी भरता येईल. पण ज्या मुलाने कांगणी वेलीवर लोंबताना पाहिली नाही त्याला माटोळी म्हणजे नुसती शोभा वाटेल, रानाने देवाला दिलेले दान वाटणार नाही.

पावसाळा सरला की गवत सोनेरी होते आणि पुढे करपते. फाल्गुन-चैत्रापासून टिटवी उघड्या कातळावर, बारीक खड्यांच्या मध्ये अंडी घालते. ती अंडी रंगाने इतकी खड्यांसारखी असतात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पंचतंत्रातील समुद्राशी वैर मांडणारी टिटवी आपण वाचलेली असते. सड्यावरील टिटवी आपल्या माथ्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की समजावे, तिचे घर जवळपास आहे, आणि आल्या पावली मागे वळावे.

मुक्कामाचा धर्म

मरुभूमी पाहावयास गेलेला प्रवासी तंबूत उतरतो. सडा पाहणाऱ्याने देवळात उतरावे. गोमंतकातील मोठ्या देवस्थानांत अग्रशाळांची परंपरा आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी येथे देवळाच्या परिसरातच यात्रेकरूंसाठी खोल्या बांधलेल्या असतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या छळामुळे कित्येक देवता तिसवाडी, साष्टी व बारदेश येथून फोंडा आदी सुरक्षित प्रदेशांत हलविल्या गेल्या आणि भक्तमंडळी कारवार, मंगळूर व पुढे मुंबईपर्यंत पांगली. ही पांगलेली कुळे आपल्या कुलदेवतेच्या भेटीस परत येत तेव्हा त्यांस गावात घर उरलेले नसे. अग्रशाळा हेच त्यांचे माहेर होई. आपल्या तालुक्यातील लहान देवळांतून अग्रशाळा नसली तरी चौकाच्या पडवीत वा मंडपात पथारी टाकण्यास पूर्वी कोणी आडकाठी करीत नसे. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पाहून तेथेच झोपणे आणि पहाटेच्या काकडआरतीस उठणे हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

आता मोटार दाराशी येते. लोक आरतीस येतात, महाप्रसाद घेतात आणि तासाभरात परततात. दर्शन होते; मुक्काम होत नाही. मुक्कामाचा लाभ दर्शनाहून वेगळा आहे. सायंकाळी सड्यावरून उतरणारा वारा, रातव्याचा आवाज, पहाटे धुक्यातून ऐकू येणारी घंटा आणि झऱ्याच्या थंड पाण्याचे स्नान यांवाचून देव ज्या भूमीचा स्वामी आहे ती भूमी कळत नाही. म्हणून निदान वर्षातून एकदा प्रत्येक कुटुंबाने आपल्या वा परगावच्या देवस्थानात एक रात्र राहावे, असे सुचवावेसे वाटते.

मुक्काम करणाऱ्याने पाळावयाचे नियम थोडे आहेत. व्यवस्थापकांस आधी कळवून त्यांची अनुज्ञा घ्यावी. देवळाचे सोवळे-ओवळे, आहाराचे निर्बंध आणि आरतीच्या वेळा यांचा मान राखावा. झऱ्यावर वा तळीवर साबण लावू नये, कारण तेच पाणी खाली कुळागरात जाते. निघताना जागा झाडून द्यावी. अतिथीने घरास ओझे होऊ नये हा गृहस्थाश्रमातला संकेत देवाच्या घरीही तितकाच लागू आहे.

वाटेचे नियम

प्रातःकाळी अंथरुणावरून उठल्यावर भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा आपला परिपाठ आहे. सड्यावर जाणाऱ्याने ती प्रार्थना सूचना म्हणून ध्यानी घ्यावी: आपले पाऊल जेथे पडेल तेथे काहीतरी जिवंत आहे.

पहिला नियम वेळेचा. चैत्र-वैशाखात सूर्योदयापूर्वी निघून नऊ वाजण्याच्या आत परतावे. माणशी निदान दोन लिटर पाणी, डोक्यास टोपी वा पंचा आणि पायांत भक्कम जोडा असावा. श्रावणात दुपारपर्यंत हिंडण्यास हरकत नाही; परंतु शेवाळलेला कातळ निसरडा असतो आणि धुके उतरले की सपाट सड्यावर दिशा कळेनाशी होते. म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार हे देवळात कोणास तरी सांगून जावे, आणि पहिल्या खेपेस वाट जाणणारे वडील माणूस बरोबर न्यावे.

दुसरा नियम विजेचा. वैशाखअखेरीस आणि आश्विन-कार्तिकात दुपारनंतर गडगडाट होतो. उघड्या सड्यावर माणूस हीच सर्वांत उंच वस्तू ठरते. ढगांचा पहिला आवाज ऐकताच सडा सोडून खाली उतरावे. एकाकी झाडाखाली आसरा घेऊ नये.

तिसरा नियम सापाचा. कोकणातील जांभ्याच्या मुलुखात फुरसे आढळते. ते आकाराने लहान, रंगाने दगडाशी मिळून जाणारे आणि विषारी असते. दगड उलटून पाहू नयेत, बिळात व भेगेत हात घालू नये, अंधारात दिव्याविना चालू नये. दंश झालाच तर जखम कापू नये, करकचून बांधू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. तो अवयव हालू न देता रुग्णास विनाविलंब सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस तेथे मिळते. देवळाचा अंगारा लावावयाचा असेल तर तो वाटेत लावावा, त्यासाठी थांबू नये.

चौथा नियम चिरेखाणींचा. दगड काढून सोडून दिलेल्या खाणी पावसात काठोकाठ भरतात. पाणी निवळ व शांत दिसते. पण कडा भिंतीसारख्या सरळ कापलेल्या असल्याने आत पडलेल्यास पाय टेकावयास पायरी नसते. मुलांना अशा पाण्यात कदापि उतरू देऊ नये.

पाचवा नियम फुलांचा. फुलांच्या गालिच्यावर बसून छायाचित्र काढण्याची हौस अनावर होते, परंतु बोटभर मातीतील ते रोप एकदा चिरडले की पुढील वर्षाचे बी तेथे पडत नाही. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात समाविष्ट झाले. तेथे एवढी गर्दी लोटू लागली की येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. आपला सडा अजून प्रसिद्ध नाही, हे त्याचे भाग्यच. मळलेल्या वाटेने वा उघड्या कातळावरून चालावे. फुले डोळ्यांनी घ्यावीत.

हे नियम नवे नाहीत. संन्याशाने चातुर्मासात एके ठिकाणी राहावे, पक्षास मास मानून निदान दोन महिने तरी हिंडू नये, असे शास्त्र सांगते. पावसात उत्पन्न झालेले असंख्य जीव त्याच्या पायाखाली चिरडले जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होय. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढा निर्बंध नाही. पण ज्याला सर्वत्र संचार करण्याची मुभा आहे त्या संन्याशालाही पावसाळ्यात पाऊल आवरावयास सांगितले, तर आपण जपून पाऊल टाकावे एवढे तरी त्यातून घेता येईल.

'पडीक' हा शब्द

सरकारी दप्तरांत ज्या जमिनीत पीक येत नाही ती पडीक, असा व्यवहार आहे. देशातील पडीक जमिनींच्या ज्या नकाशावह्या प्रसिद्ध झाल्या आहेत त्यांत उघड्या खडकाळ जमिनीचा एक स्वतंत्र वर्गच केलेला आहे. नांगराच्या दृष्टीने ते खरे असेल. परंतु ज्या कातळाने गावाच्या विहिरी भरल्या, गुरे चारली, देवळास चिरे दिले आणि चतुर्थीस फुले दिली त्यास पडीक म्हणणे हा भाषेचा अन्याय आहे. आणि भाषेतला अन्याय भाषेत राहत नाही. जी जमीन पडीक ठरली ती प्रथम दिली जाते.

मोपाच्या सड्याचा मोठा भाग आज विमानतळाच्या कुंपणात आहे. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली. पर्यावरणविषयक परवानगी देताना आवश्यक गोष्टींचा नीट विचार झालेला नाही असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती परवानगी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीस फेरविचार करावयास सांगितले. फेरविचारानंतर १६ जानेवारी २०२० रोजी जादा अटींसह ती स्थगिती उठविण्यात आली. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन होऊन त्यास मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. कोणास त्यातून रोजगार मिळाला, कोणाची चरण्याची जागा आणि काजूची झाडे गेली. एकाच घरात दोन मते आढळतात, आणि देवळाच्या पत्रकात त्यांचा निवाडा करावयाचा नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या मंडळींना मान्य व्हावी. जो सडा उरला आहे त्याचे पाणी कोणत्या झऱ्याला जाते, हे ठाऊक असलेली माणसे गावात असली पाहिजेत. न्यायालयात असो वा ग्रामसभेत, हे सांगावयास शेवटी गावकऱ्यासच उभे राहावे लागते. आणि जो त्या वाटेने कधी चाललाच नाही त्यास काय सांगता येणार?

नावांचेही तसेच आहे. गुराख्यांनी व वडीलधाऱ्यांनी सड्याच्या प्रत्येक खळग्यास, भाटलीस, दगडास नाव दिलेले असते. त्या नावांनी हाक मारणारे संपले की त्या जागेस केवळ सर्व्हे क्रमांक उरतो. रत्नागिरी व सिंधुदुर्गच्या सड्यांवर आदिमानवाने कोरलेली कातळशिल्पे हजारो वर्षे उन्हापावसात पडून होती. आपल्याच गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथेही जांभ्यावर बैल, मोर आणि चक्रव्यूहासारखे वर्तुळ कोरलेले आहे. गुराख्यांस व शेतकऱ्यांस अशी चित्रे ठाऊक असत. विद्वानांस ती नंतर कळली. २०२२ साली कोकणातील या शिल्पांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ज्या कातळावर 'येथे काही नाही' असा शेरा मारला जातो, त्यावरच या भूमीतील माणसाने आपली पहिली चित्रे काढली.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजास आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी त्या स्कंधावर मराठीत विस्ताराने टीका लिहिली, आणि परंपरा त्या अवधूतास दत्तात्रेय मानते. त्या चोवीस गुरूंत पहिला गुरू पृथ्वी आहे. तिला तुडविले, खणले तरी ती आपला धर्म सोडीत नाही, हा तिचा पाठ. आपल्या सड्यास पाहिले म्हणजे हा पाठ समजावून सांगावा लागत नाही. परंतु गुरूची सहनशीलता हा शिष्याचा परवाना होऊ शकत नाही. पृथ्वी सहन करते, म्हणून आपण पाऊल जपून टाकावयाचे.

घरचा अभ्यास

पुढील मुक्कामापूर्वी प्रत्येक कुटुंबाने मुलांसह एवढे करावे. आपल्या विहिरीचे वा घराजवळच्या झऱ्याचे पाणी कोणत्या सड्यावरून येते, आणि ते कोणत्या महिन्यात आटते, हे घरातील सर्वांत वडील माणसास विचारून लिहून ठेवावे. रस्ता होण्यापूर्वी देवळास व शेजारच्या गावास कोणत्या पायवाटेने जात, ती वाट आज उरली आहे काय, हे पाहून यावे. सड्यावरील जागांची जितकी नावे ज्येष्ठांच्या मुखी असतील तितकी वहीत उतरावीत आणि त्या नावामागची हकीकतही लिहावी. घराच्या भिंतीचे चिरे कोणत्या खाणीतून आले हे विचारावे. माटोळीची प्रत्येक वस्तू कोठे वाढते हे मुलास प्रत्यक्ष नेऊन दाखवावे, आणि जेवढी देवास लागेल तेवढीच आणावी.

या वह्या देवळात एकत्र ठेवता आल्या तर गावाचा एक मोठा ठेवा होईल. आणि तसे झाले नाही तरी प्रत्येक घरात एक वही आणि सड्याची वाट ठाऊक असलेले एक मूल असले, म्हणजे पुष्कळ झाले.